शेवटचं पान, स्वच्छ अक्षरात

मी तापट आहे हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलं आहे आणि ते खरं आहे. सरकारी दवाखान्यात नर्स होते तेव्हा वॉर्डात माझा आवाज आधी पोचायचा आणि मी मागून. ती नोकरी सोडून नाशिक रोडच्या पलीकडे, द्राक्षाच्या बागांच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका वृद्धाश्रमात रुजू झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता म्हाताऱ्या माणसांत राहून बाई जरा निवेल. उलट झालं. दवाखान्यात निदान कशावर ओरडायचं ते समोर दिसत असे. आश्रमात सगळे गोड बोलायचे, आणि गोड बोलणाऱ्या माणसांवर चिडायला दुप्पट ताकद लागते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आईबापांना आश्रमात ठेवणं तेव्हा नाशकात नवीनच होतं. मुलं रिक्षा फाटकाच्या अलीकडेच थांबवत, आणि पाहुण्यांना सांगत की आई गावी असते. आमच्याकडे व्यवस्था चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकते. जेवण गरम, चादरी धुतलेल्या, डॉक्टर ठरल्या दिवशी येणारे. प्रत्येक रहिवाशाची एक फाईल होती. तिच्यात औषधं, पथ्य, कुणाला चालताना आधार लागतो, कुणाची कूस किती वेळानं बदलायची, कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, असं सगळं. कुणाची गोळी बदलली की त्याच दिवशी फाईलमध्ये चढायची. कुणाचा चहा बिनसाखरेचा झाला की दुपारच्या चहापर्यंत स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक झालेलं असायचं.

आणि फाईलच्या शेवटी एक पान होतं. वर छापलेलं: 'शेवटच्या वेळी काय करावे'. हे पान माणूस आश्रमात आला त्या दिवशी भरलं जायचं आणि मग तो माणूस मरेपर्यंत त्याला कुणी हात लावायचं नाही.

ते भरायची रीत सांगते, म्हणजे माझा संताप कुठून सुरू झाला ते कळेल. ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला आमचे सेक्रेटरी. समोरच्या खुर्चीवर मुलगा. आई भिंतीकडेच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. सेक्रेटरी मुलाला विचारायचे, 'आईंची काही इच्छा?' मुलगा आईकडे बघायचा. आई फरशीकडे बघायची आणि म्हणायची, 'तू म्हणशील तसं.' मग मुलगा चार माणसांत बोलायचं ते बोलायचा. मोठ्या दवाखान्यात न्या, सगळे उपचार करा, पैशाकडे बघू नका, आणि मग आईला घरी आणा. सेक्रेटरी ते लिहून घ्यायचे, मुलगा सही करायचा. झाली आईची इच्छा नक्की. ज्या दिवशी आपलं घर सुटलं त्याच दिवशी, ज्यानं आणून सोडलं त्याच्या तोंडावर, कुठली आई सांगणार आहे की मला मरताना काय हवं?

मी रुजू झाल्यावर सहा महिन्यांतच म्हटलं, हे पान वरचेवर बघायला हवं. माणूस बदलतो. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी येतानाच ठणकावून देहदान लिहायला लावलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांना त्याचं महत्त्व सांगायचे. दोन वर्षांनी रक्तदाब मोजताना माझा हात धरून म्हणाले की मुलं शिकणार, कापणार, हे आता नको वाटतं, बायकोला जिथं अग्नी दिला तिथंच मलाही द्या, पण कुणाला सांगू नका, हसतील. फाईलमध्ये काय? देहदान.

सेक्रेटरींना हे सांगितलं तर ते दचकले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, सुंदर अक्षर, आश्रमाकडून एक पैसा घेत नसत. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, आजारी माणसाला पुन्हा पुन्हा मरणाचं विचारायचं म्हणजे अभद्र, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी म्हटलं, साहेब, वास्तूला तेवढाच उद्योग आहे का? सकाळपासून इथं पंधरा माणसं 'देवा, ने आता' म्हणतात, त्यांना वास्तू काही तथास्तु म्हणत नाही. त्यांना हसू आलं, पण पान बदलायला नातेवाइकाची सही लागेल हे त्यांनी धरूनच ठेवलं. माणसाच्या स्वतःच्या मरणात त्याचं स्वतःचं मत हे नियमाबाहेरचं होतं.

अशातच फुलवाली आजी आमच्याकडे आली.

पंचवटीच्या पलीकडच्या मळ्यातली बाई. झेंडू, शेवंती, गुलछडी लावायची, पहाटे तोडायची, आणि सगळा जन्म देवळाच्या रस्त्यावर टोपली मांडून हार केलेले. नवरा गेला, मळ्यावर इमारती आल्या, मुलगा नोकरीला लागून फ्लॅटमध्ये राहायला गेला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आजीचे गुडघे कामातून गेलेले. वर चढली की महिना महिना खाली उतरता येत नसे. म्हणून आश्रम. मुलगा चांगला होता. एक रविवार सोडून एक रविवार केळी आणि बिस्किटं घेऊन यायचा, आईच्या पायाशी बसायचा. त्याच्याही तोंडून पहिल्या दिवशी तेच वदवून घेतलेलं: दवाखाना, सगळे उपचार, मग घरी. खाली त्याची झोकदार सही.

आजीचे हात गप्प बसत नसत. आश्रमाच्या आवारातली कण्हेर, तगर, जे मिळेल ते आणून दोऱ्यात गुंफायची आणि प्रत्येक खोलीतल्या देवाला एक एक माळ. तोंडही चालू. मी इंजेक्शनच्या सुया उकळत असले की दारात बसून धंद्याच्या गोष्टी सांगायची. एकदा अगदी सहज म्हणाली, "देवाच्या हाराला आजची फुलं, लग्नाच्या हाराला आजची. मयताच्या हाराला तीन दिसांची. मयत काय सांगायला येतंय का परत? लय खपवली मी." आणि मग जरा थांबून, "माझ्या अंगावर नका हं घालू आसली. ताजी नसली तर नको."

मी हसले. तिनं सांगितलेली पहिली इच्छा ती. फाईलमध्ये अशा इच्छेसाठी रकानाच नव्हता.

तिच्या खोलीत दुसऱ्या कॉटवर एक आजी होत्या. दोघींचं छान जमलेलं. त्यांना एका सकाळी झटका आला, आणि पानावर लिहिल्याप्रमाणे आम्ही त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. चार दिवसांनी फुलवाली आजी हट्टच धरून बसली म्हणून मी तिला रिक्षानं भेटायला नेलं. काचेच्या आत त्या निजलेल्या. नाकात नळी, तोंडात नळी, आणि दोन्ही मनगटं पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेली. नळ्या ओढू नयेत म्हणून बांधतात. मीही नोकरीत असताना कितीदा बांधलेले आहेत. पण फुलवाली आजी त्या मनगटांकडे पाहत राहिली. त्या आजी तिथंच, तशाच गेल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आजी माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या बोलली.

"शिस्टर, मला तिकडं नाय न्यायचं. माझी येळ आली की हितंच, माझ्या खोलीत, भुईवर घ्या. तोंडात गंगा घाला. बाकी काय बी करा, पन हात बांधू नका."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशकात तिला दुसरं नाव घेऊन कुणी बोलत नाही.

मी त्याच वेळी तिची फाईल काढली. शेवटच्या पानावर, मुलानं सांगितलेल्या मजकुराखाली, तिचे शब्द तिच्यासमोर लाल पेनानं लिहिले, तारीख घातली, तिचा अंगठा घेतला. तिनं अंगठा पदराला पुसला आणि समाधानानं चहाला गेली. मला वाटलं, चला, एकाचं तरी पान माणसाच्या बरोबरीनं चालायला लागलं.

सेक्रेटरी म्हणाले, मुलाची सही आणा.

मी आजीला म्हटलं, रविवारी मुलाला सांगा. तिनं मान हलवली. रविवारी तो आला, केळी दिली, पायाशी बसला, आणि ही बाई, जिची जीभ आठवडाभर टाळ्याला लागत नव्हती, ती नातवंडांच्या परीक्षा आणि सुनेची पाठदुखी विचारत बसली. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मी वैतागले. म्हटलं, आजी, रविवारी तुमची वाचा बसते का? ती हसली आणि म्हणाली, "त्याला कसं सांगू? त्याला वाटंल, आय कट्टाळली. त्याला वाटंल, माझ्यात काय तरी कमी पडलं." म्हणजे मुलाला वाईट वाटू नये म्हणून ही हात बांधून घ्यायला तयार. मला तिचाही राग आला. खूप आला. आपल्याकडच्या आया मुलांना सगळं देतात, फक्त स्वतःला काय हवं हे सांगत नाहीत, आणि मग मुलं अंदाजानं चुकत राहतात.

शेवटी मीच एका रविवारी त्याला फाटकापाशी गाठलं. म्हटलं, आईंच्या फाईलचं शेवटचं पान बदलायचं आहे, त्यांची इच्छा आता वेगळी आहे. त्याचा चेहरा लाल झाला. आई धडधाकट आहे, असलं अशुभ कशाला काढता, सिस्टर, असं म्हणून त्यानं स्कूटरला किक मारली. मी पुढचं वाक्य बोलत होते ते धुरात गेलं.

असं दीडेक वर्ष गेलं. माझी लाल पेनाची ओळ पानावर होती, सही नव्हती. आया आणि रात्रपाळीच्या बायका यांना मी तोंडी सांगून ठेवलं होतं. पण आमच्याकडे बायका बदलत राहायच्या, आणि नवीन बाई आली की ती फाईल बघायची. बघायलाच हवी, मीच तसं शिकवलं होतं.

सिंहस्थ जवळ आला होता. सगळं शहर खोदून ठेवलेलं, रस्ते रुंद होत होते, आणि देणगीदार मंडळी नाशकात आली की आश्रमही बघून जात होती. अशाच एका भेटीच्या आधी सेक्रेटरींनी सगळ्या फायली पाहिल्या. त्यांना खाडाखोड खपत नसे. लाल पेन, बाणाच्या खुणा, अंगठ्याचा डाग, हे त्यांना अस्वच्छ वाटलं. त्यांनी ऑफिसातल्या कारकुनाला बसवून सगळ्यांची शेवटची पानं नव्यानं, वळणदार अक्षरात उतरवून घेतली. उतरवताना सही असलेला मजकूर तेवढा घेतला, बाकीचा गाळला, आणि जुन्या पानावरच्या सहीच्या जागी 'सही आहे' असं लिहून टाकलं. नंतर नातेवाईक आले तशा नव्या पानावर सह्याही घेतल्या. आजीच्या मुलानं बिस्किटाचा पुडा काखेत धरून, न वाचताच सही केली. हे सगळं मला नंतर कळलं. पाहुण्यांनी फायलींचं कौतुक केलं म्हणे.

मी त्याच सुमाराला भाच्याच्या लग्नाला नामपूरला गेले होते. कांद्याच्या बाजारापलीकडे मांडव, आठवडाभर घर पाहुण्यांनी भरलेलं. परत आले ती एसटीतून उतरून थेट आश्रमात. फुलवाली आजीच्या खोलीत गेले. कॉटवर चादर ताणून घातलेली, खिडकीत सुकलेली तगर.

तिला आंघोळीच्या वेळी छातीत दुखलं होतं. पाळीवर नवीन मावशी होती. तिनं सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी विचारलं, फाईलमध्ये काय आहे? तिनं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग तसंच करा. आजी कॉटची कड धरून नको नको म्हणत होती, असं मावशीनं मला रडत सांगितलं. तिच्यावर मी ओरडले नाही. तिची चूक नव्हती. तिला जे पान दिलं होतं ते तिनं वाचलं.

मी तशीच दवाखाना गाठला. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मला बघून उठला. मी त्याला ओलांडून आधी आत गेले. नळ्या होत्या. मनगटं बांधलेली होती. मी एक पट्टी सोडली तशी तिची बोटं चादर चिवडायला लागली. ती हार ओवत होती वगैरे मी म्हणणार नाही. मी नर्स आहे, शेवटी शेवटी माणूस चादर चिवडतो हे मला ठाऊक आहे. पण तिचे डोळे उघडे होते आणि तिनं मला ओळखलं, हेही मला ठाऊक आहे. तिथल्या सिस्टरनं येऊन पट्टी पुन्हा बांधली, आणि मला बाहेर घालवलं.

बाहेर येऊन मी त्याला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली, केव्हा म्हणाली, अंगठा कसा दिला, पान कसं पुसलं गेलं. म्हटलं, अजून वेळ आहे, तिला आश्रमात तिच्या खोलीत नेऊ. आवाज चढलेला होता, लोक बघत होते, असोत.

तो पुन्हा बाकावर बसला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"सांगत होते. तुम्ही स्कूटर चालू केलीत."

"तुम्ही नाही. आईनं."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकण्याच्या अवस्थेत तो नव्हता. तोही चिडला होता. म्हणाला, तुम्हाला बोलायला सोपं आहे, तुमची ती कोण लागते? मी तिला इथून हलवली तर उद्या भाऊबंद म्हणतील, पोरानं दवाखाना केला नाही, आईला मारली. मळा विकला तेव्हाही असंच बोलले होते. मी म्हटलं, बोलतील. ते बोलतील आणि घरी जाऊन जेवतील. हात मात्र तिचे बांधलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही, पण चालू ठेवू. त्यानं आत जाऊन आईला पाहिलं, बाहेर आला आणि आपल्या जबाबदारीवर नेतो असं लिहून दिलं. या खेपेला त्यानं वाचून सही केली. आम्ही रुग्णवाहिकेनं आश्रमाकडे निघालो. खोदलेल्या रस्त्यांवर गाडी इतकी हादरत होती की मी आजीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते.

फाटक बंद होतं.

मी बाजूच्या छोट्या दारानं आत गेले. सेक्रेटरी ऑफिसात बसले होते. दवाखान्यातून सोडलेला अत्यवस्थ रुग्ण आश्रमाला घेता येत नाही, असा नियम होता. होता, मी नाकारत नाही. काही झालं तर जबाबदार कोण, असं ते विचारत राहिले. मी म्हटलं, काही होणार म्हणूनच आणलंय, साहेब, ती मरायलाच आली आहे, तिच्या खोलीत, खोली रिकामी आहे. त्यांनी फाईल माझ्यासमोर उघडली आणि बोट ठेवलं. उपचारांनंतर घरी न्यावे. "बघा, आईंची इच्छा घरीच जायची आहे," ते म्हणाले, अगदी शांतपणे, मला समजावून सांगितल्यासारखं. मी त्या टेबलावर हात आपटला. पेनांचं स्टँड पडलं. इतक्या वर्षांत मी कुणाला शिवी दिली नव्हती, ती त्या दिवशी दिली.

फाटकाबाहेर गाडीत आजी होती. मागची दारं उघडी टाकली होती, आणि तिथून तिच्या खोलीची खिडकी सरळ दिसत होती. मुलगा आत येऊन म्हणाला, राहू द्या, सिस्टर, घरी नेतो. आम्ही उलटे फिरलो.

तिसऱ्या मजल्यापर्यंत स्ट्रेचर वळेना. शेजाऱ्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. वर गेल्यावर तिला पलंगावर ठेवायला निघाले तशी मी म्हटलं, भुईवर. सुनेनं विचारलंसुद्धा नाही, पटकन हॉलमधलं टेबल सरकवलं, फरशीवर गोधडी घातली. देव्हाऱ्यात गंगेचं पाणी होतं, रामकुंडावरून आणलेलं, औषधाच्या जुन्या बाटलीत. मुलानं चमच्यानं तिच्या ओठांत घातलं. मग त्याला तिची मनगटं दिसली. पट्टीचे वळ उमटले होते. तो ते वळ अंगठ्यानं चोळत बसला, ती जाईपर्यंत.

ती वर बघत होती. पंखा तिच्या खोलीतला नव्हता. हे आपलं छत नाही एवढं तिला कळत असणार, आणि हे मला अजून टोचतं. संध्याकाळच्या आत ती गेली. हात मोकळे होते, भुई होती, गंगा होती, आणि तरी ज्या जागी तिनं हे सगळं मागितलं होतं ती जागा बंद फाटकामागे रिकामी पडून होती.

मग माणसं जमली. भाऊबंद आले, बिल्डिंगमधले आले, आणि हार आले. मी कडेला उभी होते. मला वास आला. झेंडूला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास येतो तो. पाकळ्या बुडाशी तपकिरी झालेल्या. मी पुढे झाले आणि तिच्या छातीवरचा हार काढून बाजूला टाकला. मग दुसरा काढला. आश्रमातली बाई वेडी झाली असं कुणीतरी कुजबुजलं.

"काय करताय, सिस्टर?" मुलगा म्हणाला.

"शिळी आहेत. तिनं सांगितलं होतं, ताजी नसली तर नको."

त्यानं एक हार हुंगला. मग खाली वाकला आणि उरलेले हार त्यानं स्वतः काढले. तिला फुलांशिवाय नेलं. जन्मभर फुलं विकणारीला पोरानं एक फूल घातलं नाही, असं भाऊबंद जिन्यात बोलत होते, त्याला ऐकू जाईल असं. त्यानं मान वळवली नाही.

दिवसकार्य झाल्यावर तो तिची ट्रंक न्यायला आश्रमात आला. सेक्रेटरींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, चार शब्द बोलले. मनापासून बोलले, हे मला कबूल करायला हवं. मग फाईल बंद करायची म्हणून त्यांनी शेवटचं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. खाली ताजी ओळ लिहिली होती: 'रहिवाशाच्या इच्छेप्रमाणे रुग्णालयात उपचार केले व नंतर घरी नेण्यात आले. इच्छा पूर्ण.'

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"ही इच्छा कुणाची?" त्यानं विचारलं.

"आपणच सांगितलेली. ही काय आपली सही."

तो आपल्या सहीकडे बघत बसला. मग त्यानं पेन मागितलं. सेक्रेटरींना वाटलं, पोच म्हणून सही करतोय. त्यानं पेन घेतलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला. ट्रंक खांद्यावर घेऊन तो निघून गेला.

सेक्रेटरींनी पान उचलून उजेडाकडे धरलं. "खाडाखोड झाली," ते म्हणाले. "नवीन उतरवून घ्यायला हवं."

आणि घेतलं त्यांनी. पुढच्या आठवड्यात मी फाईल उघडून पाहिली. वळणदार अक्षर, एकही डाग नाही, शेवटी 'इच्छा पूर्ण', आणि सहीच्या जागी कारकुनानं लिहिलेलं: 'सही आहे'. मी फाईल कपाटात ठेवली, कुणाची परवानगी घेतली नाही, पहिल्या खोलीच्या फायली आणि लाल पेन उचललं, त्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं.